अंगणातला गुलमोहर

मैत्रिणींनो, वळवाचा पाऊस झाला की दारोदार कुऱ्हाडवाले फिरू लागतात. आमच्या निगडी प्राधिकरणात असाच एकजण आला. "वहिनी, झाड घरावर पडंल, छाटून देतो," म्हणाला. हे पहिल्या पाळीला गेलेले, सासूबाई घाबरलेल्या. मी हो म्हटलं. त्याने गुलमोहराचा शेंडाच उडवला! दोन वर्षांत फुटव्यांचं रान माजलं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्यातलाच एक मोडून ओट्यावर पडला. धाकटी नुकतीच तिथून उठली होती.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. शेंडा कधीच उडवू नये. कापल्या जागचे फुटवे वरवर चिकटलेले असतात. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्याच काढाव्यात. जड फांदी आधी खालून थोडी कापावी, मग जरा पुढे वरून. म्हणजे साल सोलवटत नाही. उरलेला खुंट बुंध्यालगतच्या फुगवट्याबाहेर कापावा. तिथूनच जखम भरून येते, डांबर फासायची गरज नाही. बुंध्याला सिमेंट भिडवू नये. तारांजवळची फांदी असेल, तर आधी महावितरणला कळवावं.

आणि हो, झाड आपल्या अंगणातलं असलं, तरी १९७५ च्या कायद्याप्रमाणे ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीआधीही उद्यान विभागात विचारावं. तेही उन्हाळा लागतानाच, पाऊस दारात आल्यावर नव्हे.

आमचा गुलमोहर यंदा फुलला खरा. पण जुना डौल काही परत आला नाही.