उशाखालचं बायबल

‘मूर्तिपूजा’ हा शब्द कानावर पडला की आपलं बोट शेजारच्या देवघराकडे जातं. ते बोट आधी खाली घ्या. दहा आज्ञांमधली ती ताकीद शेजाऱ्यांना दिलेली नव्हती. मिसरातून सोडवून आणलेल्या देवाच्या स्वतःच्याच लोकांना ती दिली होती. म्हणजे तुम्हाला आणि मला.

रानातला पितळी साप तुम्हाला आठवत असेल. गणना, अध्याय २१. लोकांना विषारी साप चावू लागले, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने तो घडवला आणि खांबावर लावला. त्याच्याकडे ज्याने पाहिलं तो जगला.

पुढचं मात्र आपण फारसं वाचत नाही. लोकांनी तो साप जपून ठेवला. पिढ्यामागून पिढ्या गेल्या. हिज्कीया यहूदाचा राजा झाला तोवर लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले होते. राजाने त्याचे तुकडे केले. दुसऱ्या राजे पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात हे एका वचनात सांगून टाकलंय.

मला ही गोष्ट सोन्याच्या वासराच्या गोष्टीहून जास्त घाबरवते. वासरू पहिल्यापासूनच चुकीचं होतं. साप तर देवाने सांगून करवून घेतलेला होता.

आता आपल्या घरात बघा. तापलेल्या लेकराच्या उशाखाली बायबल ठेवलेलं असतं, पण उघडून कुणी वाचत नाही. सभेतून आणलेली तेलाची बाटली कपाटात असते. घरची प्रार्थना चार दिवस राहिली तरी चालते, तेल संपलं की मात्र जीव खालीवर होतो.

तेलात वाईट काही नाही. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्रातही आहे. पण भरवसा बाटलीवर बसला की तिचा पितळी साप झाला. त्या तेलाचे कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. डॉक्टरांची गोळी बंद करा, असं कुणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका. मग तो कितीही मोठा सेवक असो.

पैशाचंही असंच होतं. कलस्सैकरांस लिहिताना पौलाने लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय. लग्नात पाचशे पानं उठली पाहिजेत म्हणून कर्ज काढलेलं एक घर मी जवळून पाहिलंय. नवरी सासरी गेली, हप्ते मागे राहिले. धाकट्याचं कॉलेज सुटलं. वासरासाठी सोनं कुठून आलं होतं, आठवतं ना? बायकामुलांच्या कानांतून.

आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा. मोबाइल आतल्या खोलीत ठेवा. सगळ्यांनी एकत्र बसा आणि एवढंच विचारा: आपल्या घरात कशापायी प्रार्थना राहते? कशापायी खोटं बोललं जातं? सर्वांत लहान लेकराला आधी बोलू द्या. त्याने तुमचंच नाव घेतलं तरी रागावू नका. लग्न ठरलं असेल तर यादी पुन्हा काढा आणि कर्ज न काढता जेवढं झेपेल तेवढीच ठेवा.

तेलाची बाटली कपाटातच राहू द्या. उशाखालचं बायबल मात्र बाहेर काढा आणि लेकराजवळ बसून एक अध्याय मोठ्याने वाचा.