माळवद की स्लॅब?

परवा मामांचा फोन आला. "दगडी घर पाडून स्लॅब टाकावी म्हणतो. तू शिकलेला माणूस, तूच सांग!"

आता मी पडलो मराठीचा मास्तर! मात्रा मोजाव्यात त्या वृत्तातल्या; सिमेंटच्या नव्हेत. पण घर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यांत मामींच्या माहेरची तिघे. तेव्हापासून सगळा दोष दगडाच्या माथी बसला. वास्तविक त्या जाड भिंती म्हणजे दोन वेगळ्या भिंती. मध्ये माती नि गोटे. दोन्ही अंगे बांधणारा आरपार दगडच नाही, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा बोजा! आरपार सांधे घालावेत, भिंतींना चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधावा, वरची माती उतरवावी. तेच घर बळकट होते, शिवाय उन्हाळ्यात स्लॅबसारखे तापत नाही.

हे सारे मी मोठ्या ऐटीत ऐकवले. पलीकडून मामी म्हणाल्या, "खरं असंल रे. पण तीस वर्षांत मला कधी आत निजलेली पाहिलीस?"

खरेच, त्यांचे अंथरूण बाहेर, पत्र्याखाली असते. भाऊबीजेला एका जाणत्या गवंड्याला घेऊन जाणार आहे. भिंतीत दगड कसा बसतो, ते त्याने मामांना नव्हे, मामींना दाखवायचे आहे.