डार्विन आजोबांच्या घरी



विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही एक चित्र नक्की पाहिलं असेल. टक्कल पडलेलं भलंमोठं कपाळ, जाड भुवया आणि छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी. खाली नाव लिहिलेलं असतं, चार्ल्स डार्विन. 'उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ' एवढं पाठ केलं की दोन मार्क पक्के! पण चेहरा असा गंभीर की वाटावं, या माणसाच्या घरात मुलांना मोठ्याने हसायचीसुद्धा चोरी असेल.

खरा प्रकार अगदी उलटा होता बरं का! चला, आज आपण या दाढीवाल्या आजोबांच्या घरी जाऊ.

डार्विनांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. 'बीगल' जहाजातून पाच वर्षं जगाची सफर करून आल्यावर १८३९ साली त्यांचं एमा यांच्याशी लग्न झालं. १८४२ मध्ये दोघं लंडनची गडबड सोडून केंट परगण्यातल्या डाउन नावाच्या खेड्यात राहायला गेली. त्या घराचं नाव डाउन हाउस. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे शेवटपर्यंत, डार्विन तिथेच राहिले. त्यांना दहा मुलं झाली. त्यांतली सात मोठी झाली.

आता या घरातली गंमत ऐका. जिन्यावर लावायची एक लाकडी घसरगुंडी होती! पाऊस पडत असला की मुलं घरातच जिन्यावरून सुळकन खाली. अभ्यासाच्या खोलीत डार्विन काम करत बसले, की मुलांची ये-जा सुरू. कुणाला दोरा हवा, कुणाला कात्री, कुणाला टाचण्या, कुणाला पट्टी, तर कुणाला चक्क हातोडी. बाबा ओरडत नसत. फारच झालं की शांतपणे विचारत, आता पुन्हा आत येऊ नका, जमेल का? एकदा तर एका चार वर्षांच्या चिरंजीवांनी बाबांना लाच देऊ केली. सहा पेन्सचं नाणं पुढे धरलं आणि म्हणाले, काम सोडा आणि खेळायला चला!

घरात एक नियम होता, सोफ्यावर उड्या मारायच्या नाहीत. त्याने आतल्या स्प्रिंगा बिघडतात ना! एके दिवशी डार्विन दिवाणखान्यात आले, तर छोटा लेनर्ड सोफ्यावर धपाधप उड्या मारतोय. बाबांनी त्याला नियमाची आठवण करून दिली. लेनर्डने जरासा विचार केला आणि बाबांनाच सल्ला दिला, मग तुम्ही खोलीबाहेर गेलेलं बरं! सांगा पाहू, आपल्या घरी असं उत्तर दिलं तर काय होईल?

डार्विनांचा जगप्रसिद्ध ग्रंथ १८५९ मध्ये छापून आला. त्याची हस्तलिखित पानं पुढे बरीचशी नाहीशी झाली. जी थोडी उरली, त्यांतल्या काहींच्या मागच्या बाजूला मुलांनी रंगीत चित्रं काढलेली आहेत. एका पानावर तर फळं आणि भाज्या स्वार होऊन लढाई करताहेत. बाबांच्या लेखी तो रद्दी कागद आणि मुलांच्या लेखी चित्रांची वही. आज ती पानं विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.

हे सगळं वाचून वाटेल, हा माणूस भलताच सुखी असणार. तसं नव्हतं, मुलांनो. डार्विन आयुष्यभर आजारी असत. उलट्या, चक्कर, थकवा. रोज जेमतेम काही तास काम होई. आणि १८५१ मध्ये त्यांची लाडकी लेक ॲनी आजारी पडून गेली. ती अवघी दहा वर्षांची होती. आठवड्याभरात डार्विनांनी तिच्या आठवणी कागदावर लिहून ठेवल्या. तिचं हसणं, तिचं बागडणं, सगळं पुसून जाऊ नये म्हणून. तिची लिहायची छोटी पेटी एमाने जन्मभर जपली. हे दुःख कधीच सरलं नाही. पण बाकीच्या मुलांवर ते त्यांनी लादलं नाही. एखादं मूल आजारी पडलं, तर ते बाबांच्या अभ्यासाच्या खोलीतल्या सोफ्यावर पांघरूण घेऊन पडायचं आणि भिंतीवरचा जुना नकाशा बघत राहायचं. त्यांच्या एका मुलीने मोठेपणी लिहिलंय की तिथे फार सुरक्षित वाटायचं.

मुलं मोठी झाली, डार्विन म्हातारे झाले. १८७६ मध्ये फ्रान्सिसला मुलगा झाला, बर्नार्ड. पण काही दिवसांतच बाळाची आई वारली. फ्रान्सिस बाळाला घेऊन डाउन हाउसला परत आला. म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी आजोबांच्या घरात पुन्हा पाळणा आला! जेवायला बसलं की समोर नातवाचा इवलासा चेहरा दिसे आणि आजोबा खूश होत. दोघांची आवडीनिवडीवर चर्चा चाले. पांढऱ्या साखरेपेक्षा तपकिरी साखर बरी, यावर दोघांचं एकमत. मग आजोबा मोठ्या समाधानाने सांगत, बघ, आपलं नेहमी पटतं!

आजोबांना तपकिरीचं व्यसन होतं. सवय कमी व्हावी म्हणून त्यांनी तपकिरीचं भांडं मुद्दाम खोलीबाहेर ठेवलं होतं. प्रत्येक चिमटीसाठी उठून जावं लागावं, हा हेतू. पण आजोबा कसले! अभ्यासाच्या खोलीतली शेकोटी जरा बघायला हवी असं काहीतरी कारण काढून ते उठत. मग बाहेर भांड्याच्या झाकणाचा आवाज होई, टिंग! आणि चोरी उघडकीला येई.

रोज रात्री एमाआजींबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव होत. हा आपल्या सोंगट्या-फाशांसारखा खेळ. आजोबांनी वर्षानुवर्षं त्याचा हिशोब ठेवला. १८७६ मध्ये एका अमेरिकन मित्राला त्यांनी पत्रातून ऐटीत कळवलं, एमाने २४९० डाव जिंकले, मी २७९५! बेरीज करून पाहा बरं, किती डाव झाले ते.

आणि त्यांचं शेवटचं पुस्तक कशावर होतं, माहीत आहे? गांडुळांवर! ते १८८१ मध्ये निघालं, तेव्हा आजोबा बहात्तर वर्षांचे होते. गांडुळांना ऐकू येतं का, हे बघायला मातीच्या कुंड्या घरात आणल्या. त्यांच्याजवळ शिट्टी वाजवली, बॅसून नावाचं लांबलचक वाद्य जोरात फुंकलं, आरडाओरडा केला. गांडुळं ढिम्म! मग कुंड्याच पियानोवर ठेवल्या आणि एक सूर वाजवला. गांडुळं झटकन बिळात! म्हणजे त्यांना आवाज ऐकू येत नाही, पण हादरा बरोबर समजतो.

आता विचार करा. एक म्हातारा माणूस गांडुळांपुढे गाणं-बजावणं करतोय. दुसरा कुणी असता तर लोक काय म्हणतील, या भीतीने हे केलंच नसतं. डार्विन आजोबांना लोकांच्या हसण्याची भीती नव्हती, कारण ते स्वतःवरच हसू शकत होते. मला वाटतं, ज्या सबुरीने ते गांडुळं न्याहाळत, त्याच सबुरीने ते मुलांचं बोलणं ऐकत. छोट्या जिवाला क्षुल्लक समजायचं नाही, ही एकच सवय त्यांना दोन्हीकडे उपयोगी पडली.

१९ एप्रिल १८८२ रोजी ते गेले. मोठ्या मानाने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना पुरण्यात आलं. पण पुढे १८८७ मध्ये फ्रान्सिसने वडिलांचं चरित्र काढलं, तेव्हा मोठमोठ्या शोधांच्या जोडीने त्याने तपकिरीचं भांडं, साखरेची चर्चा आणि सहा पेन्सची लाचही त्यात लिहून ठेवली. मुलांच्या लक्षात काय राहतं बघा!

करून पाहा : तुमच्या आजोबांची किंवा आजींची एक गमतीदार सवय आठवा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं, पत्त्यात हळूच लबाडी करणं, काहीही. पाच ओळींत लिहा आणि त्यांनाच वाचून दाखवा. ते शेजारी असतानाच वाचायचं, हं!

आणि आई-बाबांनो, डार्विनांनाही कामाची वेळ होती आणि ते ती पाळत. पण त्यांच्या दाराला आतून कडी नसे. मूल कात्री मागायला आलं की दर वेळी त्याला कात्रीच हवी असते असं नाही. पुढच्या खेपेला एवढं लक्षात ठेवू या.

तुमच्या,
बाई