शाळेआधी शिक्षक

सातारा जिल्ह्यातील काले येथे 4 ऑक्टोबर 1919 रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, हे समाजातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी त्याआधी सांगलीजवळील दूधगावात विद्यार्थी आश्रमाच्या उभारणीत पुढाकार घेतला होता, हेही जयंतीच्या भाषणांतून दरवर्षी ऐकू येते. लक्ष्मीबाईंनी मोडलेले दागिने, साताऱ्याचे वसतिगृह, 'कमवा आणि शिका' हे सूत्र. भाषणे बहुधा येथेच थांबतात. कर्मवीरांनी कोणते काम कोणत्या कामाआधी हाती घेतले, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

साताऱ्यातील संस्थेचे अध्यापक विद्यालय 1935 साली सुरू झाले. महाराजा सयाजीराव हायस्कूल त्यानंतर 1940 साली निघाले आणि छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 साली. साताऱ्यात हायस्कूलची घंटा वाजण्याआधी पाच वर्षे शिक्षक घडविण्याची व्यवस्था झालेली होती. आरंभी 'सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज' असे राजनिष्ठ नाव धारण करणारे हे विद्यालय पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशा खेड्यांत संस्थेने पुढील काळात शेकडो व्हॉलंटरी शाळा चालविल्या. शाळा झाडाखाली किंवा देवळाच्या ओवरीतही भरू शकते. शिक्षकाविना ती भरत नाही. पदवीधर शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन 1955 साली निघाले. संस्थेच्या सेवकांची सहकारी बँकही साताऱ्यात उभी राहिली. शिक्षकाला कर्जासाठी सावकाराचा उंबरठा झिजवावा लागत असेल, तर त्याचे मन फळ्यावर कसे राहणार?

आपल्या समाजात ज्ञानदानाची परंपरा मोठी आहे. परंतु आजचे दान बहुतांशी खोल्या, प्रवेशद्वार आणि संगणक यांकडे वळते. खोलीवर दात्याच्या नावाची पाटी लागते, शिक्षकाच्या अभ्यासावर ती लावता येत नाही.

या दृष्टीने सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट. अधिकाऱ्याने यावे, शेरेपुस्तकात दोन ओळी लिहाव्यात आणि निघून जावे, ही जुनी रीत. येथील विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादाचा अभ्यास आरंभिला. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, त्याला भीती घालून शिकविता येत नाही, हे त्याचे मर्म. जिल्हा परिषदेच्या त्या साध्या शाळांत मुले फरशीवर आखलेल्या आकृत्यांभोवती गटागटाने बसू लागली. दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की दशक हातात येतो. तो सोडविला की हातच्याचा अर्थ कळतो. शिक्षक टेबलाजवळून उठून मुलांच्या शेजारी जमिनीवर बसले, हा बदल दिसायला लहान आहे, पण त्यात बरेच काही आले.

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक हे वर्ग पाहण्यास येऊ लागले. शासनाने 22 जून 2015 रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा निर्णय काढला, त्यामागे या प्रयोगाची प्रेरणा होती. पुढे मात्र बऱ्याच गावांत फरशी रंगली आणि अभ्यास मागे राहिला. रंगाचा डबा बाजारात मिळतो. सहकाऱ्याच्या वर्गात बसून पाहण्याची, आपली अडचण न लाजता सांगण्याची सवय वर्षानुवर्षे जोपासावी लागते.

याच जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हे दुसऱ्या वाटेने साधले. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी फलटणच्या बोलीचा अभ्यास केला, भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि 1986 साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. सारी मुळाक्षरे संपेपर्यंत मुलाला ताटकळत न ठेवता निवडक अक्षरांच्या लहान गटातूनच अर्थपूर्ण शब्द वाचायला द्यावेत, आणि त्याच्या घरच्या बोलीला अशुद्ध म्हणून हिणवू नये, असा त्यांचा आग्रह. ही रीत पुस्तकातून समजते खरी, पण ती अंगवळणी पडण्यास चालू वर्ग पाहावा लागतो.

तेथेच खरी अडचण आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. वर्ग पहिली ते चौथी; एक शिक्षक दुसऱ्या गावचा वर्ग पाहण्यास गेला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. म्हणून जाणे टळते, आणि प्रशिक्षण म्हणजे हजेरीपटावरील सही एवढेच उरते. सांगली-साताऱ्याच्या बहुतेक गावांत निवृत्त गुरुजी अथवा बाई असतातच. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या संमतीने त्यांनी महिन्यातून एक दिवस वर्ग सांभाळला, गावातील एखाद्या मंडळाने शिक्षकाच्या एस.टी.च्या तिकिटाचा आणि दोन चांगल्या पुस्तकांचा भार उचलला, तर खर्च एका कोनशिला समारंभातील हारतुऱ्यांपेक्षाही कमी येईल.