सरकारी वकील आणि बहुमत

फिर्याद खरी असून भागत नाही. ती न्यायासनापुढे कोण मांडतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून सरकारी वकील लोकांनीच निवडावा, हा विचार कित्येकांना मोहक वाटतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तसे होते. मिसिसिपीत ही प्रथा १८३२ पासूनची.

त्याच मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय इसमावर चार खुनांच्या आरोपावरून निर्वाचित सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालविला. ज्युरीतून वगळता येण्याजोग्या ४२ कृष्णवर्णीयांपैकी ४१ जण सरकार पक्षाने वगळले. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली; आणि नोव्हेंबरात तोच वकील बिनविरोध निवडून आला! २०२० मध्ये आरोप काढून टाकण्यात आले. तत्पूर्वी सुमारे तेवीस वर्षे बंदिवासात गेली होती.

गावात ज्यांची घरे मोजकीच, त्यांनी बहुमताच्या वकिलाकडून काय आशा धरावी?

आपल्याकडे नेमणूक शासन करते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील विशेष सरकारी वकिलास किमान सात वर्षांची वकिली लागते. ही कसोटी काही फार कठोर नव्हे. परंतु १९९५ च्या नियमांतील चौथा नियम महत्त्वाचा आहे : पीडिताची इच्छा असल्यास जिल्हाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकिलास योग्य शुल्क ठरवून खटला सोपवू शकतात. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश झाला असल्याने, धर्मांतरामुळे हा अधिकार गेला असे कोणी सांगितल्यास ऐकू नका. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.