उरलेल्या टर्कीचा गंबो

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंग. घरात भाजलेली टर्की सहा-सात किलोची आणि जेवायला माणसं आठ! शुक्रवारी फ्रिजमध्ये काय काय उरलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. बहुतेकजण कोरड्या पडलेल्या मांसाची सँडविचं करतात आणि हाडं कचऱ्यात टाकतात. लुईझियानात मात्र खरा स्वयंपाक त्या हाडांपासून सुरू होतो. तिथे त्यांचा गंबो होतो. गंबो म्हणजे भातावर वाढायचा दाट, गडद रश्शाचा क्रिओल पदार्थ.

या एका पातेल्यात बराच इतिहास आहे. 'गंबो' हा शब्द आफ्रिकन भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर भेंडीही तिथे पोचली. 'रू' म्हणजे तेलात भाजलेला मैदा, तो फ्रेंचांचा. आणि सॅसाफ्रस झाडाच्या पानांची 'फिले' ही पूड तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची.

आधी सुरक्षिततेचं. टर्की टेबलावर दोन तासांहून जास्त राहिली असेल, तर मोह सोडा. वेळेत फ्रिजमध्ये गेलेलं मांस तीन-चार दिवसांत संपवायचं. मांस सोडवून वेगळं ठेवा. सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घाला, वर कांदा, सेलरी, तमालपत्र आणि बुडेल इतकं पाणी. मंद आचेवर तीनेक तास उकळून गाळा. दोन लिटर स्टॉक पुरे.

आता रू. सगळी चव इथेच ठरते. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा कप तेल, अर्धा कप मैदा, मध्यम-मंद आच आणि हात अजिबात थांबवायचा नाही. लाडवांसाठी बेसन भाजणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त बेसन खमंग झालं की आपण थांबतो, इथे त्याच्याही पुढे जायचं. आधी शेंगदाण्याचा रंग, मग तांब्याचा, शेवटी चॉकलेटचा. तीस-चाळीस मिनिटं सहज लागतात. काळे ठिपके दिसले तर ते करपलं. टाकून द्या आणि पुन्हा सुरू करा, कारण तो कडवटपणा कशानेही झाकत नाही. आणि हो, उकळत्या रूचा थेंब कातडीला चिकटून भाजतो, म्हणून लहान मुलं लांबच बरी.

रंग जमला की लगेच दोन कांदे, एक हिरवी ढोबळी मिरची आणि दोन-तीन सेलरीच्या दांड्या, सगळं बारीक चिरून घाला. भाज्यांमुळे रू पुढे करपत नाही. या तिघांना लुईझियानात 'पवित्र त्रयी' म्हणतात! मग लसूण, थाइम, लाल तिखट, अँडुई या धुरी दिलेल्या सॉसेजचे पाव किलो तुकडे आणि हळूहळू स्टॉक. तासभर मंद उकळू द्या. न्यू ऑर्लिन्सचे क्रिओल स्वयंपाकी पुष्कळदा टोमॅटोही घालतात. मला विचाराल तर टर्कीच्या गंबोत नकोच, हाडांची चव मागे पडते.

गंमत अशी, की रू जितका गडद तितका तो रस्सा कमी दाट करतो. म्हणून भेंडी किंवा फिले. भाजी करताना आपण भेंडीच्या ज्या चिकटपणाशी झगडतो, तोच इथे कामाला येतो. भेंडी थोडी परतून मग पातेल्यात घाला. फिले वापरणार असाल तर गॅस बंद केल्यावरच, नाहीतर रस्सा तारा धरतो.

टर्कीचे तीन-चार कप तुकडे अगदी शेवटी. ते शिजलेलेच आहेत, दहा-पंधरा मिनिटं नीट उकळले की झालं. मीठही तेव्हाच, चाखून, कारण सॉसेज खारट असतं.

आपल्याकडे टर्की सहज मिळत नाही. नाताळात भाजलेली कोंबडी उरली, तर तिच्या हाडांवरही हे सगळं असंच होतं; फक्त स्टॉक दीड-दोन तासांत तयार होतो.

वाढताना वाटीत गंबो, मधोमध मोकळ्या भाताचा एक डाव. उरलेला गंबो दुसऱ्या दिवशी आणखी छान लागतो. भात मात्र वेगळा ठेवा, रात्रभरात तो सगळा रस्सा पिऊन बसतो.