पतंगाचें नांव

आश्विनांत आम्हीं मुलाकडे लवासास होतों. दासव्याच्या त्या नव्या वस्तींत दिवे पुष्कळ व माणसें थोडीं; त्यामुळें मोसे नदीच्या जलाशयावरून येणाऱ्या पतंगांस सारें रान मोकळें. एके रात्रीं भिंतीवर करड्या-तपकिरी रंगाचा, भाताच्या दाण्याएवढा एक पतंग बसला होता. "आजोबा, याचें नांव काय?" नातीनें विचारलें. पतंग व शलभ हे शब्द अमरकोशांत समानार्थी दिले आहेत, एवढें सांगून आम्हीं तिची बोळवण केली. तिचें समाधान झालें नाहीं. खरें म्हणजे आमचेंहि झालें नाहीं.

त्याच आठवड्यांत यवतमाळकडील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तसल्याच पतंगाचें छायाचित्र मोबाईलवर पाठविलें. "गुरुजी, शेतांतल्या दिव्यावर आला. हा गुलाबी बोंडअळीचा तर नव्हे?" २०१७ सालीं या अळीनें विदर्भांतील कपाशीची केलेली धूळधाण तो विसरला नव्हता. आम्हीं भिंतीवरचा पाहुणा आठवून तत्काळ कळविलें, "असले येथेंहि येतात, आणि येथें कापूस नाहीं. काळजी करूं नकोस." जन्मभर मुलांना हेत्वाभास समजावून सांगितले, आणि स्वतः सादृश्यालाच तादात्म्य समजून बसलों!

तिसऱ्या दिवशीं सहज म्हणून या विषयाचें वाचन केलें, तेव्हां डोळे उघडले. बोंडअळीचा हा पतंग पंख पसरून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर भरतो. भडोचकडील कापसांतून मिळालेल्या नमुन्यांवरून सॉंडर्स नामक इंग्रज कीटकज्ञानें १८४३-४४ च्या सुमारास त्याचें वर्णन केलें व त्यास 'गॉसिपिएला' म्हटलें. 'गॉसिपियम' म्हणजे कापूस. 'एला' हा लिनीअसनें लहान पतंगांकरितां योजलेला प्रत्यय. आपल्या तद्धितांची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. पुढें १९१७ सालीं बुस्कनें त्यास 'पेक्टिनोफोरा' या नव्या प्रजातींत घातलें. जातीचें नांव तेंच राहिलें, सॉंडर्सचें मात्र कंसांत गेलें. सासरीं गेलेल्या मुलीचें माहेर असेंच कंसांत राहतें. आमच्याकडे तर तिचें पाळण्यांतलें नांवहि बदलीत. तेवढी जबरदस्ती या शास्त्रांत नाहीं.

या शास्त्रांतला एक मोठा अधिकारी आमच्याच धंद्यांतला निघाला. एडवर्ड मेरिक हा मार्लबरोच्या शाळेंत ग्रीक-लॅटिन शिकवी. १९३८ सालीं तो वारला, तोंपर्यंत त्यानें १४,००० हून अधिक लहान पतंगांस नांवें दिलीं होतीं. बिहारांतील पुसा येथूनहि त्याच्याकडे नमुने जात. पण तो भिंगावर विसंबे. उदर उकलून जननेंद्रियें तपासण्यास नाखूष असे. पंखांवरून एकच वाटणाऱ्या दोन जाति बहुधा त्या अवयवांच्या घडणीवरूनच वेगळ्या ओळखाव्या लागतात. त्यामुळें त्याच्या कामाचा पुष्कळ भाग पुढल्यांना पुन्हां तपासावा लागला. मेरिक भिंगानें चुकला. आम्हीं तर चष्म्यानेंच निकाल दिला होता, आणि तोहि पंखांचे खवले अर्धे झडलेल्या पतंगाच्या छायाचित्रावरून.

लागलीच फोन करून आम्हीं आपलें मत मागें घेतलें. शेतांत कामगंध सापळे लावण्यास सांगितलें. त्यांत मादीच्या गंधाची नक्कल असते. त्या गंधाचें रासायनिक स्वरूप १९७३ सालीं उलगडलें. त्यावर त्याच जातीचे नर येतात, म्हणजे ओळख पटविण्याचें काम पतंगच करतो. ओळीनें तीन रात्रीं एका सापळ्यांत आठ-आठ नर आले, कीं उपाय करण्याची वेळ आली असें समजतात. पण तीन रात्रीं थांबण्यापेक्षां हिरवीं बोंडें फोडून पाहणें अधिक खात्रीचें. वीसांत दोन किडकीं निघालीं तरी मर्यादा गांठली.

त्यानें दुपारींच वीस बोंडें फोडलीं. पांचांत गुलाबी अळी होती.

आमच्या एका वाक्यापायीं त्याचे दोन दिवस गेले. तो कांहीं बोलला नाहीं. बोलता तर बरें वाटतें. फवारणी कशाची करावी, हें मात्र आम्हांस न विचारतां त्यानें तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यास विचारलें, आणि तें योग्यच केलें.

नातीनें भिंतीवरचा तो पतंग एव्हांना कांचेच्या पेल्याखालीं ठेवला होता. तो मेलेला आढळला तेव्हां तिनें कागदाच्या डबींत घातला आणि वर चिठ्ठी लावण्यास आमच्याकडे आली. आम्हीं तीवर दिनांक लिहिला, स्थळ लिहिलें, आणि नांवाची जागा कोरी ठेवली.